उंबऱ्याच्या आतले आरोग्य : जामखेडच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाची वाटचाल

गाय किंवा म्हैस व्याली की आपल्याकडे तिचा चीक जपून काढतात. त्याचा खरवस होतो, शेजारीपाजारी वाट्या जातात. त्याच घरातली सून बाळंत झाली तर तिचा चीक मात्र जड, बाधणारा म्हणून पिळून टाकून द्यायचा आणि बाळाला तीन दिवस मधाच्या नाहीतर गुळाच्या पाण्याच्या बोटावर ठेवायचे, ही रीत पन्नास वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत सर्रास होती. वासराच्या वाट्याचे आपण खात होतो आणि लेकराच्या वाट्याचे ओतून देत होतो.

संस्थेचा इतिहास कोनशिलेपासून सांगायची पद्धत आहे. जामखेडच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाचा इतिहास मला या चिकापासून सांगावासा वाटतो. चीक फेकायचा की पाजायचा, हा निर्णय कुठल्याही दवाखान्यात होत नाही. तो घराच्या आतल्या खोलीत, बाजेपाशी होतो. तिथे डॉक्टरला प्रवेश नसतो, सरकारी फलक पोचत नाही आणि खुद्द बाळंतिणीला बोलायची मुभा नसते. जामखेडचे सगळे काम त्या खोलीत शिरण्यासाठी झाले. दवाखाना, शस्त्रक्रियागृह, प्रशिक्षणकेंद्र हे सगळे त्या कामाच्या सोबतीने उभे राहिले.

जामखेड हा त्या वेळच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा आग्नेयेकडचा तालुका, बीड आणि धाराशिवला खेटून असलेला. सह्याद्री ओलांडून इथवर येईपर्यंत ढग रिकामे झालेले असतात. जमीन मुरमाड, पीक ज्वारी-बाजरीचे, तेही पाऊस झाला तर. दिवाळीच्या आगेमागे कोयते आणि चूल गाडीत टाकून माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. ज्यांच्या नावाने आज जिल्हा ओळखला जातो, त्या अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव चौंडी याच तालुक्यात. १७९५ ची मराठे-निजामांची लढाई झाली ते खर्डेही याच तालुक्यात. इतिहासाच्या पुस्तकात नाव असलेल्या या मुलखात १९७० साली आई आणि मूल यांच्या जगण्याची शाश्वती मात्र फार थोडी होती.

डॉ. रजनीकांत आरोळे हे नगर जिल्ह्याचेच. त्यांचे आणि डॉ. मेबल यांचे वैद्यकीय शिक्षण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात बरोबरीने झाले आणि १९६० साली त्यांनी लग्न केले. पुढची काही वर्षे दोघांनी नगर जिल्ह्यातच वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काढली. दिवसरात्र काम होते, हातगुण होता, रुग्णांची रीघ होती. तरीही एक गोष्ट त्यांना डाचत राहिली. जुलाबाने सुकलेले जे मूल सलाइन लावून घरी पाठवले, तेच मूल महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तसेच सुकून येई. किंवा येतच नसे. येणारे बहुतेक आजार मुळात टाळता येण्याजोगे होते. घाणेरडे पाणी, अपुरे अन्न आणि घरातले अज्ञान हीच त्यांची कारणे होती, आणि रुग्णालयाच्या फाटकाच्या आत बसून त्यातले एकही कारण हलत नव्हते.

हा प्रश्न घेऊन दोघे अमेरिकेला गेले. वैद्यक आणि शस्त्रक्रियेचे पुढचे शिक्षण घेऊन झाल्यावर ते जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले. तिथे त्यांना डॉ. कार्ल टेलर भेटले. टेलर भारतातच जन्मलेले आणि पंजाबातल्या नारंगवालच्या खेड्यांत माता-बालकांवर काम केलेले शिक्षक. १९७० साली आरोळे दांपत्य परतले. गावकऱ्यांनी बोलावल्याशिवाय जायचे नाही आणि जिथे कोणी जात नाही तिथेच जायचे, हे दोन नियम त्यांनी स्वतःला घालून घेतले होते. जामखेडच्या पुढाऱ्यांनी बोलावले आणि वापरात नसलेली गुरांच्या दवाखान्याची जागा देऊ केली. काम तिथे सुरू झाले.

सुरुवातीच्या पाहणीत जो आकडा हाती आला, तो प्रकल्पाच्या अहवालात पहिल्या पानावर असायलाच हवा. १९७१ साली या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळे पहिला वाढदिवस पाहत नव्हती. देशाचा आकडा तेव्हा १२९ होता, तोही काही अभिमानाने सांगावा असा नव्हता. गरोदरपणी एकदा तरी तपासणी झालेल्या बायका शेकड्यात एकही भरत नव्हत्या. पाच वर्षांखालच्या दहा मुलांतली चार कुपोषित होती. कुष्ठरोग आणि क्षय होतेच.

पहिला बेत नर्सबाईंचा होता. प्रशिक्षित परिचारिका गावात नेमायची आणि तिने माता-बालकांचे पाहायचे, असे सरकारी पुस्तकातही लिहिलेले होते. तो बेत फसला. वीस-बावीस वर्षांची, बाहेरगावची, बहुधा अविवाहित मुलगी. तिला गावात एकटीने राहायची धास्ती वाटे आणि गावालाही ती परकी वाटे. ती सांगे ते बायका ऐकून घेत आणि आपल्या सासूने सांगितलेले करत. यात त्या मुलीचा दोष नव्हता. उंबऱ्याच्या आतले बोलणे बाहेरच्या माणसाच्या तोंडून कुणालाच पटत नाही.

मग उलटी वाट धरली गेली. गावातलीच एक बाई निवडायची, ती गावानेच निवडायची आणि तिला आरोग्यसेविका म्हणून शिकवायचे. गावांनी ज्या बायका पाठवल्या, त्या पाहून एखादा व्यवस्थापक हताश झाला असता. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. कितीतरी जणी दलित वस्तीतल्या होत्या. काही विधवा होत्या, काहींना नवऱ्याने टाकले होते, काहींची स्वतःचीच मुले गेली होती. शिकलेल्या, सुखवस्तू घरातल्या बाईला गल्लोगल्ली फिरायला घरचे पाठवत नव्हते, हे याचे एक कारण. पण प्रकल्पाचे सारे भाग्य याच निवडीत होते, असे माझे मत आहे. जिचे मूल जुलाबाने गेले आहे, तिला जुलाब म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. आणि जिला गावात मान नाही, तिने एक जीव वाचवला तर ते गाव विसरत नाही.

या बायका आठवड्यातून एकदा जामखेडला मुक्कामाला येत. सुरुवातीचे दिवस सोपे नव्हते. सवर्ण घरातली बाई दलित बाईच्या हातचे पाणी घेईना. जेवायला वेगवेगळी कोंडाळी बसत, झोपायला वेगवेगळे कोपरे धरले जात. यावर व्याख्यान झाले नाही. सगळ्यांना पुरेल एवढे एकच भले मोठे पांघरूण शिवून घेतले गेले. थंडी वाजली तर एकमेकींना लागून झोपणे आले. जातीच्या प्रश्नावर महाराष्ट्रात पुष्कळ शब्द खर्च झाले आहेत. त्या पांघरुणाचे महत्त्व त्यांच्यापेक्षा कमी आहे असे मला वाटत नाही.

शिकवणेही त्यांच्याच चालीने झाले. पाटी-पेन्सिल नव्हती. चित्रे, गाणी, गोष्टी, आणि सगळ्यात जास्त म्हणजे प्रश्न. एकदम पुष्कळ शिकवायचे नाही. एक गोष्ट शिकायची, आठवडाभर गावात करून पाहायची आणि पुढच्या खेपेला काय झाले ते सगळ्यांपुढे सांगायचे. कुणाला लोकांनी हुसकावले, कुणाला घरात घेतले, कुठे बाळ दगावले, कुठे तगले, याचा हिशेब होई आणि डॉक्टरही तो हिशेब ऐकत. आपले बोलणे कुणी शिकलेला माणूस लक्ष देऊन ऐकतो आहे, हा अनुभव त्यांतल्या अनेकींना आयुष्यात पहिल्यांदा येत होता. पुढे त्यांच्या अंगात जे धाडस आले, त्याचा उगम मला त्या ऐकण्यात दिसतो.

त्या काय शिकल्या, हे जरा तपशिलाने सांगायला हवे, कारण सगळी विद्या त्या तपशिलात आहे. नाळ विळ्याने किंवा सापडेल त्या पात्याने कापायची आणि वर राख, शेण लावायचे, ही जुनी चाल. त्यातून धनुर्वाताचे जंतू बाळाच्या अंगात जात आणि आठवड्याच्या आत बाळ आखडून जाई. लोक म्हणत, सटवीने नेले. सेविकेच्या हाती आता एक छोटी पुडी आली: निर्जंतुक पाते, दोरा, कापड, साबण. सोबत गरोदर बाईला धनुर्वाताची लस. एवढ्यावर सटवीचे येणे थांबले. बाळ मोठे झाले तर अडेल या भीतीने गरोदर बाईला अर्धपोटी ठेवत. सेविका सासूजवळ बसून समजावू लागली की पोट भरले तर बाळ सशक्त होते आणि बाळंतीणही तरते. जुलाब झाले की मुलाचे पाणी तोडण्याची रीत होती. तीही उलटी फिरवायची होती. एक लिटर उकळलेले पाणी, मूठभर साखर, चिमूटभर मीठ. याच सुमारास, १९७१ साली, बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी सलाइन संपल्यावर अशाच प्रकारचे मीठ-साखरेचे पाणी पटक्याच्या रुग्णांना पाजून हजारोंचे प्राण वाचवले होते. आपण जिला जलसंजीवनी म्हणतो, तिचा तो इतिहास. जामखेडच्या सेविकेने तिला तांब्याचे माप दिले आणि ती चुलीपर्यंत नेली.

आणि चीक. ती लढाई सगळ्यात लांबली, कारण विरोधात घरातली सगळ्यात वडील बाई असे. सेविकांना सासूशी भांडून चालणार नव्हते. तीही कुणाची तरी आई होती, तिनेही लेकरे गमावली होती. वासरू पहिल्या दिवशी काय पिते, असा साधा प्रश्न त्या विचारत. शेतकऱ्याच्या घरात याचे उत्तर ठाऊक नाही असे कोण आहे?

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हा प्रकल्प दोन वर्षांचा होता. दुष्काळाने नगर-बीडचा पट्टा भाजून काढला. औषधे कशाला, लोकांनी पाणी आणि भाकरी मागितली. प्रकल्पाने ते आरोग्याचेच काम मानले. लहान मुलांसाठी गावोगाव सामुदायिक स्वयंपाक सुरू झाले. त्यासाठी काही शेतकऱ्यांनी जमिनीचे तुकडे दिले आणि सगळ्या जातींची पोरे एका पंगतीला बसली. पाण्यासाठी कूपनलिका खोदायच्या होत्या. जागा दाखवायला आलेल्या भूजलतज्ज्ञाला डॉ. आरोळे यांनी दलित वस्तीत पाणी लागते का ते आधी पाहायला सांगितले. तिथे पाणी लागले आणि हातपंप तिथेच बसला. मग घागर घेऊन कुणाला कुणाच्या दारी जावे लागले, ते सांगायला नको. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालचा. पंचेचाळीस वर्षांनंतरही नगर जिल्ह्यातल्या गावांत पाण्याचा प्रश्न तोच होता, हे या स्मरणिकेत लिहिताना जड जाते, पण लिहिले पाहिजे.

पुरुषांना गोळा करणे त्या मानाने सोपे गेले. व्हॉलीबॉलची जाळी बांधली, संध्याकाळी तरुण जमू लागले. खेळ संपला की गप्पा, आणि गप्पांतून शेतकरी मंडळे उभी राहिली. बंधारे, वृक्षलागवड, जनावरांची देखभाल ही कामे त्यांनी केली. त्याविषयी या अंकात इतरांनी लिहिलेच असेल, म्हणून मी पुढे जातो.

महिला मंडळांचे काम इतके सोपे नव्हते. ती हळूहळू, धाकधुकीत आणि पुष्कळदा घरच्यांची नजर चुकवून सुरू झाली. त्यांच्यापर्यंत येताना प्रकल्पाला स्वतःचीच एक समजूत बदलावी लागली. सुरुवातीची समजूत अशी की बाईला माहिती दिली की ती आपले आणि बाळाचे पाहील. अनुभव वेगळाच निघाला. अडलेल्या बाईला गाडीत घालून जामखेडला न्यायचे की नाही, हे सासरा ठरवी. बाजारातून केळे आणायचे की विडी, हे नवरा ठरवी. सलग तिसरी मुलगी झाली की बाळंतिणीच्या ताटातले तूप कमी होई आणि मुलीच्या वाट्याचे दूधही. तेराव्या-चौदाव्या वर्षी लग्न झालेली पोर सोळाव्या वर्षी बाळंत होई. माहिती तिला होती, पण घरात तिचा शब्द चालत नव्हता. ज्या आईचा शब्द चालत नाही, तिच्या बाळाचे वजन काट्यावर कितीही वेळा केले तरी वाढत नाही. हे कळल्यावर जामखेडने बायकांच्या हक्काचे काम आरोग्याच्या कामापासून वेगळे मानणे सोडून दिले.

मग मंडळांनी बचत केली, बँकेचे कर्ज काढले, शेळ्या घेतल्या, बांगड्यांचे, भाजीचे, सुक्या मासळीचे धंदे केले. हातात स्वतःचे दोन पैसे आले की बाई डॉक्टरकडे जायला परवानगी मागत नाही, सांगून जाते. दारूच्या गुत्त्यांवर मंडळे चालून गेली. बालविवाहांना त्यांनी हरकत घेतली, आणि ती घेताना आपल्याच भावकीशी वैर पत्करले. पुढे किशोरवयीन मुलींचे गट निघाले. शरीराची माहिती, कायदा, स्वसंरक्षण, शाळा न सोडणे, हे त्यांत शिकवले जाऊ लागले. पंचायतीत आरक्षण आल्यावर काही सेविका सरपंच झाल्या. ज्यांना एकेकाळी चावडीवर चढता येत नव्हते, त्या चावडीवर सही करू लागल्या.

जगाला जामखेडची खबर लवकर लागली. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या हाती आरोग्य देणाऱ्या देशोदेशींच्या प्रयोगांवर एक पुस्तक काढले. चीन, क्युबा, टांझानियाच्या सोबत त्यात जामखेडवर आरोळे दांपत्याचा लेख होता. तीन वर्षांनी, सप्टेंबर १९७८ मध्ये, तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या आल्मा-आटा शहरी १३४ देशांचे प्रतिनिधी जमले आणि इसवी सन २००० पर्यंत सर्वांसाठी आरोग्य हे ध्येय जाहीर झाले. त्या जाहीरनाम्यामागे जे मोजके जिवंत दाखले होते, त्यांत आपल्या दुष्काळी तालुक्याचा दाखला होता. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी १८ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्त्रियांविरुद्धचा सर्व प्रकारचा भेदभाव नष्ट करण्याचा करार संमत केला. त्यात ग्रामीण स्त्रीसाठी स्वतंत्र कलम आहे आणि आरोग्यसेवा, कर्ज, पाणी, निर्णयातला सहभाग हे सगळे त्या एकाच कलमात एकत्र आहे. जामखेडच्या महिला मंडळांना त्या कराराचे नावही ठाऊक नसेल. त्यांचे काम मात्र त्या कलमाबरहुकूम चालले होते.

यानंतर जगात जे झाले, त्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. आल्मा-आटाचे स्वप्न फार मोठे, फार खर्चिक आहे, असे लगेचच म्हटले जाऊ लागले. १९८० च्या दशकात युनिसेफने मोजक्या चार उपायांवर भर दिला: मुलांच्या वाढीची नोंद, जलसंजीवनी, स्तनपान आणि लसीकरण. त्याने लक्षावधी मुले वाचली, हे निर्विवाद आहे आणि त्याचे मोल कमी लेखू नये. पण त्या चारांत आई फक्त पाजणारी आणि टोचायला घेऊन येणारी होती. नंतर त्यांना पूरक अन्न, पाळणा लांबवणे आणि मुलींचे शिक्षण हे तीन उपाय जोडावे लागले. १९८७ साली नैरोबीला सुरक्षित मातृत्वाची परिषद भरवावी लागली, तेव्हा कुठे बाळाबरोबर आईही मरते याकडे जगाचे नीट लक्ष गेले. जामखेडला आई आणि मूल असे दोन कप्पे करायची वेळच आली नव्हती. सेविका एका फेरीत दोघांना पाहत होती.

१९८८ साली प्रकल्पातल्या एक सेविका, मुक्ताबाई पोळ, वॉशिंग्टनला एका आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलल्या. सभागृहात भारी झुंबरे होती. त्यांच्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, त्याचा आशय असा: हे दिवे सुंदर आहेत, महाग आहेत, पण त्यांना हलवता येत नाही, आम्ही साध्या पणत्या, पण एका पणतीवरून दुसरी लागते. सभागृह उभे राहिले. ज्या गावात त्या एकेकाळी मान खाली घालून चालल्या असतील, तिथून त्या सभागृहापर्यंतचे अंतर मैलांत मोजता येणार नाही.

डॉ. मेबल आरोळे यांनी पुढे युनिसेफसाठी दक्षिण आशियात काम केले आणि या भागातले धर्म व स्त्रिया-बालकांचे हक्क या विषयावर लेखन केले. देव कोपला म्हणून आजार होतो, असे मानणाऱ्या बाईशी तिचा देव हिरावून न घेता कसे बोलायचे, हे त्या जामखेडच्या ओट्यांवर शिकल्या होत्या. १९९४ साली दोघांनी प्रकल्पाची हकीकत पुस्तकरूपाने लिहिली. त्याच दशकात जामखेडला आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्था उभी राहिली. शंभराहून अधिक देशांतली माणसे तिथे शिकून गेली आहेत, आणि शिकवणाऱ्यांत त्याच अक्षरशत्रू म्हणून हिणवलेल्या बायका होत्या. १९९९ साली मेबलताई गेल्या. २०११ साली डॉ. रजनीकांतही गेले. आता त्यांची मुले, डॉ. शोभा आणि रवी आरोळे, हे काम पाहतात.

आकड्यांचे काय झाले? १९७१ चे १७६ हे प्रमाण १९९० च्या दशकात पंचविशीच्या आसपास आले. त्या वेळी देशाचा आकडा सत्तरीत होता. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात एक परखड पाहणी आली. प्रकल्पाची गावे आणि त्यांच्या भोवतालची इतर गावे ताडून पाहिली, तर एक महिन्यापुढच्या आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे तीस टक्क्यांनी कमी निघाला. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात मात्र तसा फरक दिसला नाही. हे दुसरे वाक्य स्मरणिकेत सहसा गाळले जाते. ते मी मुद्दाम लिहितो आहे. पहिल्या महिन्याचे उत्तर महाराष्ट्रातच, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने शोधले. गावातल्याच बाईने घरी जाऊन नवजात बाळाची ऊब, श्वास आणि जंतुदोष सांभाळायचा. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते काम छापून आले आणि नंतर देशाने ते स्वीकारले. बंग दांपत्यही हॉपकिन्सलाच शिकलेले. जामखेडची उणीव गडचिरोलीने भरली आणि दोन्हीकडचा हात गावच्या बाईचा होता, याचा आपल्याला आनंद वाटायला हवा.

सरकारने जामखेडपासून काय घेतले, त्याची कहाणी संमिश्र आहे. १९७७ च्या २ ऑक्टोबरला केंद्राने गावोगाव आरोग्यरक्षक नेमण्याची योजना आणली. नेमले गेले ते बहुतांशी पुरुष. बाळंतिणीच्या खोलीत जो जाऊ शकत नाही, त्याच्याकडे माता-बालकांचे आरोग्य सोपवले. योजना कोमेजली यात नवल नाही. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 'आशा' आली, ती बाईच असेल असा नियम घेऊन. त्या रचनेमागे जामखेडसारख्या प्रयोगांचा अनुभव होता आणि डॉ. आरोळे यांचा सल्लाही. आज देशात दहा लाखांच्या आसपास आशा आहेत. करोनाच्या काळात दारोदार फिरल्या त्या याच. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. गौरव झाला, पण त्या अजूनही कर्मचारी नाहीत, कामागणिक मोबदला घेणाऱ्या 'स्वयंसेविका' आहेत. मोबदल्यासाठी त्यांना महाराष्ट्रात वारंवार संपावर आणि रस्त्यावर यावे लागते. बाईचे काम म्हणजे सेवा आणि सेवेला पगार कसला, ही जुनी समजूत यामागे आहे आणि ती चुकीची आहे.

जगभरात आजही दर दिवशी सातशेहून अधिक स्त्रिया गरोदरपणात किंवा बाळंतपणात मरतात. वर्षाला पाच वर्षांखालची जवळपास पन्नास लाख मुले जातात. १९९० साली ही संख्या सव्वा कोटीच्या घरात होती, म्हणजे वाट सापडलेली आहे. बाळंतपणातले बहुतेक मृत्यू सहारापलीकडच्या आफ्रिकेत आणि दक्षिण आशियात होतात. रक्तस्राव, जंतुदोष, वाढलेला रक्तदाब अशा कारणांनी, ज्यांवर उपाय माहीत आहेत. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात मातृत्व आणि बालपण यांना विशेष काळजी व साहाय्य मिळण्याचा हक्क लिहून ठेवलेला आहे. त्याच जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'पुरुष' असा अर्थ निघणारा शब्द बदलून 'माणसे' हा शब्द आणायला लावणाऱ्या हंसा मेहता मुंबईच्या महिला विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. हक्क कागदावर आणायलाही एक बाई लागली आणि उंबऱ्याच्या आत न्यायलाही.

एक काम मात्र राहून गेले आहे. डॉक्टरांची नावे, पुरस्कार, तारखा सगळीकडे लिहिलेल्या आहेत. सेविकांपैकी मुक्ताबाईंसारखी दोन-चार नावे तेवढी छापून आली. पहिल्या पिढीतल्या बहुतेकींना लिहिता येत नव्हते, म्हणून त्यांनी काही लिहून ठेवले नाही. कुणी किती बाळंतपणे केली, कोणत्या घरात आधी दार लागले आणि मग उघडले, कोणते गाणे म्हणून शिकल्या, हे त्यांच्या तोंडी होते. त्यांतल्या अनेकजणी आता नाहीत, ज्या आहेत त्या फार थकल्या आहेत. तुमच्या घरात, भावकीत, शेजारी अशी एखादी आजी असेल तर या दिवाळीच्या सुटीत तिच्याजवळ बसा. मोबाइलवर तिचे बोलणे ध्वनिमुद्रित करा, तिच्या गावाचे आणि तिच्या सुईणीचे नाव विचारा, आणि जे सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवून स्मरणिकेच्या संपादकांकडे पाठवा. संपादकांनी पुढच्या अंकातली पहिली पाने या आजींसाठी राखून ठेवावीत.